सातवी टोपी आणि तिसरं प्रकरण

प्रिय,

तुझी टोपी मिळाली. काठाची ताणणारी वीण, रिब, एकसारखी आहे, आणि वर टाके इतके सफाईने कमी करत नेलेस की मधोमध कुठे चुणी नाही. प्रबंधाचं तिसरं प्रकरण मात्र आलं नाही. पार्सल फोडतानाच मला कळलं की ते एवढ्यात येणारही नाही. माझ्या हिशेबाने दोन महिन्यांतली ही सातवी टोपी.

रागावले नाहीये. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. माझ्या कपाटात लोकरीचा एकच हातमोजा आहे, डाव्या हाताचा. मला एक अहवाल लिहायचा होता, त्याची मुदत दोनदा पुढे ढकलून झाली होती, त्या तीन आठवड्यांत तो विणला. मनगटावर वेण्यांची नक्षी घातली. अंगठ्यासाठी टाके वाढवत नेले, ते वेगळ्या दोऱ्यावर काढून ठेवले आणि रात्री दोन वाजता एकेका बोटाचं टोक बंद करत बसले. पुढे अहवाल कसाबसा गेला, आणि त्या दिवसापासून उजव्या हातासाठी मी एकही टाका घातलेला नाही. अहवाल नसता तर डावाही झाला नसता.

फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये मांडलं की चालढकलीचं मूळ घड्याळात कमी आणि मनःस्थितीत जास्त असतं. काम समोर आलं की पोटात गोळा येतो, तो आत्ताच्या आत्ता जायला हवा असतो, आणि त्याचं बिल उद्याच्या आपल्याच नावावर फाडलं जातं. त्याच वर्षी 3,545 विणणाऱ्यांची एक पाहणीही प्रसिद्ध झाली. जे जास्त वेळा विणतात त्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचं जास्त सांगितलं होतं. हे दोन्ही शेजारी ठेवून बघ, म्हणजे तुझी अडचण कळेल. मोबाइल चाळत बसलं की तासाभरात स्वतःचीच चीड येते. विणकामाचा खरोखर गुण येतो. वर शेवटी हातात टोपी असते, ती कुणाला तरी द्यायची असते, त्यामुळे अपराधी वाटायचीही सोय उरत नाही.

शिवाय टोपीत सगळं आधीच ठरलेलं असतं. डोक्याचा घेर 56 सेंमी, टोपी ताणून बसावी म्हणून 50 धरायचे. आधी विणून बघितलेल्या नमुन्याच्या तुकड्यात 10 सेंमीला 18 टाके येत असतील तर झाले 90. दोन सुलट-दोन उलट रिबला चारची पट लागते, म्हणून 88. वर टाके कमी करायला आठ भाग, प्रत्येकात अकरा. चुकलं तर उसवायचं, लोकर तीच राहते. प्रकरण किती टाक्यांचं, हे कोण सांगणार?

सुया माळ्यावर टाक असं मी म्हणणार नाही. सुया लपवणारे लोक मग कपाटं आवरतात. त्यापेक्षा एक कर. सुया हातात घेशील तेव्हा, लिहिताना कोणतं वाक्य अर्धं टाकून उठलीस, तेवढं वहीत उतरवून ठेव. दहा-बारा नोंदी झाल्या की सलग वाच. माझ्या अहवालात ती जागा दर वेळी एकच निघाली होती: आमचा अंदाज चुकला, हे जिथे लिहायचं होतं तीच. तुझ्याबद्दल माझा एक कयास आहे. पहिल्या दोन प्रकरणांत इतरांनी काय म्हटलंय ते होतं, ती तू झपाट्याने दिलीस. तिसऱ्यात तुला स्वतःला काय वाटतं ते लिहायचंय. टोप्या तिथूनच सुरू झाल्यात.

विणकामातही फरक करायला शीक. गोल सुईवर नुसतं सुलट चाललेलं असताना डोकं मोकळं असतं, एखादा अडलेला मुद्दा सुटूनही जातो, त्याला माझी हरकत नाही. वेण्यांचा तक्ता समोर ठेवून बसलीस तर मुद्दा गेला. आणि तासन्‌तास लोकरीच्या छटा बघत बसणं, याला विणकाम म्हणू नकोस.

(जॉन पेरी या तत्त्वज्ञाने 1996 मध्ये गमतीने मांडलं होतं, की मोठं काम टाळता टाळता माणूस बाकीची कितीतरी उपयोगी कामं उरकतो. त्याबद्दल 2011 मध्ये त्यांना इग्नोबेल, म्हणजे हसवून मग विचार करायला लावणाऱ्या कामाचं पारितोषिक, मिळालं. तू हे मला ऐकवणार हे माहीत आहे, म्हणून आधीच लिहिते. त्यांच्या युक्तीत यादीच्या डोक्यावर असं काम लागतं, जे नाही झालं तरी फारसं बिघडत नाही. तुझ्या यादीच्या डोक्यावर प्रबंध आहे.)

नमुन्याचा तुकडा विणायचा तुला कंटाळा आहे, तरी तू तो विणतेस, कारण एकदा न विणता केलेली टोपी कानाखाली आली होती. प्रकरणाचाही तसाच तुकडा वीण. एकच परिच्छेद, अगदी मधला, आगापिछा नसलेला. 'मला वाटतं' असं सुरू कर. तो प्रबंधात राहणार नाही, नमुन्याचा तुकडा टोपीत कुठे राहतो? तुझी वीण किती घट्ट बसते तेवढं त्यावरून कळेल.

तो सोमवारी मला पाठव. टाके सुटलेले असले तरी चालतील, क्रोशाच्या सुईने वर ओढून घेऊ.

आणि हो, टोपी मला किंचित सैल होते. पुढच्या वेळी 80 घाल, आठाने भागही जातो. पुढच्या वेळी म्हणजे परिच्छेद आल्यावर.

तुझी,
मॅडम