‘माझी स्मरणशक्ती गेली आहे का?’ : एका विद्यार्थिनीच्या रात्रींची वही

विद्यापीठाच्या समुपदेशन कक्षात एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत सतत माझ्यापुढे येतो : फोनमुळे माझा मेंदू बिघडला आहे का? कोणी त्याला विसरभोळेपणा म्हणते, कोणी एकाग्रता गेली म्हणते, पालक तर सरळ व्यसन म्हणून मोकळे होतात. या प्रश्नावर बोलताना मला एका विद्यार्थिनीची हकिकत हमखास आठवते. तिच्या संमतीने, ओळख पटेल असे सगळे तपशील बदलून, ती येथे सांगते.

ती पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला होती, वसतिगृहात राहत होती आणि प्रबंधाचे काम करत होती. पान वाचून संपेपर्यंत त्याची सुरुवात आठवत नाही, सकाळी डोके जड असते, दुपारनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, मान आखडते आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो, असे तिने एका दमात सांगितले. बोलताना तिने फोन टेबलावर पालथा ठेवला होता. तरीही तिचा अंगठा स्वतःच्याच गुडघ्यावर खालून वर, खालून वर फिरत होता, आणि हे तिच्या गावीही नव्हते. शेवटी ती म्हणाली, “मॅडम, माझी स्मरणशक्ती गेली आहे का, एवढेच मला खरे खरे सांगा.”

अशा वेळी सगळ्या तक्रारींची एकच मोट बांधण्याचा मोह होतो, तो मी टाळते. डोळ्यांचे कारण सोपे होते. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, अश्रूंचा पातळ थर सुकतो आणि डोळे चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा नेत्रतज्ज्ञांचा सांगण्यातला नियम तिला ठाऊक होता, पण तो न पाळता तिने निळा प्रकाश अडवणारा चष्मा विकत घेतला होता. अशा चष्म्यांवरील १७ चाचण्यांचा, कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात साध्या काचांच्या तुलनेत डोळ्यांचा शीण कमी झाल्याचे, निदान अल्पकाळात तरी, दिसले नाही. हे ऐकून ती हिरमुसली. मानेसाठी फोन डोळ्यांच्या पातळीकडे उचलून धरण्याची सवय लावायची होती. २०१४ मध्ये मांडलेल्या एका संगणकीय प्रारूपानुसार डोके ६० अंश पुढे झुकले की मानेच्या मणक्यांवर सुमारे २७ किलोंचा भार येतो. प्रारूपातला आकडा जसाच्या तसा प्रत्येकाला लागू होईल असे नाही, पण दिशा कळते. अंगठ्यासाठी मी तिला आरोग्य केंद्रात पाठवले. तेथील डॉक्टरांनी डी क्वेरवेन या विकाराचे, म्हणजे अंगठ्याकडे जाणाऱ्या स्नायुबंधांच्या आवरणाला येणाऱ्या सुजेचे निदान केले आणि मनगटाला पट्टा दिला.

राहिली स्मरणशक्ती. त्यासाठी मी तिला एक वही दिली आणि सात दिवस चार गोष्टी लिहायला सांगितल्या : अंथरुणावर कधी पडली, फोन हातातून कधी सुटला, झोप अंदाजे कधी लागली आणि उठली कधी. आठवड्यानंतर वही उघडली तेव्हा फोन सुटण्याच्या रकान्यात २.३०, २.५०, ३.१० असे आकडे होते आणि उठण्याच्या रकान्यात रोज ७. अठरा ते पंचवीस वयाला साधारण ७ ते ९ तास झोप हवी असते. तिला फार तर चार-साडेचार तास मिळत होती. दिवसा वाचलेले, ऐकलेले मेंदूत मुरते ते मोठ्या प्रमाणावर झोपेत. तिची स्मरणशक्ती कुठेही गेलेली नव्हती. तिला काम करायला रात्रच मिळत नव्हती. मी हे सांगितले तेव्हा ती रडली, आणि ते रडणे सुटकेचे होते असे मला वाटले.

यानंतर मी एक चूक केली. रात्री फोन खोलीबाहेर ठेव, गजरासाठी साधे घड्याळ घे, असा नेहमीचा सल्ला मी लगेच देऊन टाकला. दोन रात्री तिने फोन शेजारच्या खोलीतील मैत्रिणीकडे ठेवला. तिसऱ्या रात्री दीड वाजता दार ठोठावून तो परत आणला आणि पहाटेपर्यंत जागी राहिली. सल्ला चुकीचा नव्हता. पण ती फोनमध्ये नेमके काय शोधते आहे, हे मी विचारलेच नव्हते. म्हणून वहीत पाचवा रकाना आखला : ‘काय पाहिले, ते शब्दांत.’

पुढच्या आठवड्याच्या सात रात्रींपैकी पाच रात्री त्या रकान्यातली पहिली ओळ एकच होती : ‘सरांचा मेसेज आला का ते पाहिले.’ तिने प्रबंधाचे दुसरे प्रकरण मार्गदर्शकांना पाठवून १९ दिवस झाले होते. संदेशाखाली वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या होत्या, उत्तर मात्र नव्हते. शिवाय ते गटावर कधी कधी रात्री अकरानंतर सूचना टाकत आणि सकाळी त्याबद्दल विचारत, त्यामुळे रात्री फोन बाजूला ठेवणे तिला धोक्याचे वाटे. तासन्‌तास पाहिलेले व्हिडिओ हा केवळ दोनदा संदेश तपासण्यामधला वेळ काढण्याचा मार्ग होता. ही मुलगी करमणुकीत बुडालेली नव्हती. ती वाट पाहत होती, आणि ती वाट पाहणे तिला अंधारात एकटीने सोसत नव्हते.

तेव्हापासून मी ‘किती तास’ हा प्रश्न पहिला विचारत नाही. कोणत्या वेळी आणि कशासाठी, हे आधी विचारते. पडद्याच्या प्रकाशाचा परिणाम खरा आहे : डोळ्यांच्या पडद्यातील काही पेशी निळसर प्रकाशाला विशेष प्रतिसाद देतात आणि त्यामुळे मेलाटोनिन हे झोपेची वेळ झाल्याचे शरीराला कळवणारे संप्रेरक स्रवायला उशीर होतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात झोपण्यापूर्वी छापील पुस्तकाऐवजी प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्या १२ जणांना झोप लागायला सरासरी १० मिनिटे अधिक लागली आणि त्यांचे शरीराचे घड्याळ सुमारे दीड तास मागे पडले. तरीही तिच्या तीन तासांच्या जागरणाचा हिशेब केवळ प्रकाशाने लागत नव्हता.

मग आम्ही दोघींनी कक्षात बसून मार्गदर्शकांना पत्र लिहिले. आठवड्यातून एकदा अर्धा तास ठरावीक वेळी भेट मिळावी, आणि रात्री नऊनंतर आलेल्या सूचना ती सकाळी पाहील, एवढेच दोन मुद्दे. दुसऱ्या मुद्द्याचे वाक्य तिने चार वेळा खोडले. उत्तर दुसऱ्या दिवशी आले : प्रकरण वाचले होते, कळवायचे राहून गेले, मंगळवारी भेटू. प्रत्येकाला असे सरळ उत्तर मिळत नाही, हे मी जाणते. नाही मिळाले तर विभागप्रमुखांपर्यंत किंवा तक्रार निवारण व्यवस्थेपर्यंत जाताना समुपदेशकाने सोबत असावे, असे माझे ठाम मत आहे.

झोपेसाठी जे केले ते जुनेच आहे. १९७२ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी मांडलेली पद्धत. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचे नाही, अंथरुणावर फोन किंवा अभ्यास नाही, साधारण वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून बाहेर बसायचे, आणि रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ तीच. फोन या वेळी खोलीतच, पण हात पोहोचणार नाही अशा खुर्चीवर राहिला.

व्यसन या शब्दाबद्दल पालकांना एक सांगावेसे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे, आणि त्याच्या निदानासाठीही ताबा सुटणे, बाकीचे सगळे मागे पडणे व नुकसान दिसूनही खेळणे चालूच राहणे हे सहसा बारा महिने दिसावे लागते. फोन जास्त वापरण्याला त्यात वेगळे निदान नाही. मुलाला व्यसनी ठरवण्याआधी त्याच्या रात्री कशा जातात ते विचारा. मात्र झोप उडण्यासोबत सततची उदासी असेल, किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर वहीची वाट न पाहता त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जावे.

सहा आठवड्यांनी ती वही घेऊन आली. अंगठा अजून दुखत होता. सातपैकी चार रात्री साडेबाराच्या आत झोप लागली होती, तीन रात्री नाही. पाचव्या रकान्यात सरांचा उल्लेख एकदाच होता, आणि एका रात्रीपुढे लिहिले होते : ‘ताईशी बोलत होते, वेळ पाहिली नाही.’ त्या ओळीबद्दल मी काही विचारले नाही.