भाऊ स्वतःहून मनोरुग्णालयात दाखल व्हायला तयार आहे. कोर्टाचा आदेश लागेल का? सोबत काय न्यावं?
नाही, भाऊ सज्ञान आहे आणि स्वतःहून तयार आहे, तर कोर्टाचा आदेश लागत नाही. त्याच्याच अर्जावर दाखल करून घेतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ८६ मध्ये ही तरतूद आहे आणि उपचारही त्याच्या संमतीनेच होतात. सोबत आधार कार्ड, जुनी प्रिस्क्रिप्शन्स आणि चालू गोळ्या मूळ पाकिटासकट न्या. डबीत सुट्या काढलेल्या गोळीवरून नाव, मिलिग्रॅम काहीच कळत नाही. शेवटचा डोस कधी घेतला, झोप किती लागते, दारू किती, हे एका कागदावर खरंखरं लिहा. दारू तर अजिबात लपवू नका. रोज पिणाऱ्याची अचानक सुटली की फिट येऊ शकते. पायजमा इलॅस्टिकचा द्या. नाडी, पट्टा, ब्लेड बहुतेक वॉर्डांत बाहेरच ठेवायला लावतात, ते सुरक्षेसाठी असतं. एक मात्र त्याला आधीच सांगा: घरी जायचं म्हणाला तर सोडतात, पण डॉक्टरांना धोका वाटला तर तपासणीसाठी २४ तासांपर्यंत थांबवू शकतात. दाखल होईपर्यंत रात्री-अपरात्री गरज पडली तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.