पहिल्या तारखेचा प्रश्न

प्रिय पोरी,

परवा दादरच्या पुलावर भेटलीस. मागून लोंढा ढकलत होता, तुझी कल्याण फास्ट लागलेली, आणि त्यातच विचारलंस, "मॅडम, पीएचडी करायचीय, पण पैशाचं कसं करायचं?" जिन्यात उभं राहून याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहितेय.

फेलोशिप, म्हणजे संशोधन करताना दरमहा मिळणारे पैसे, किती मिळते हे सगळेच विचारतात. ती हातात कधी पडते, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. मला फेलोशिप लागल्याचं पत्र आलं तेव्हा घरी पेढे वाटले, आणि पहिला पैसा खात्यात यायला अकरा महिने लागले. का, तर रुजू झाल्याच्या अहवालावर गाइडची सही होती, विभागप्रमुखांची राहिली होती. तो कागद कुठल्याशा टेबलाच्या खणात पडून होता. मी दर पंधरवड्याला जाऊन "झालं का?" विचारायचे, "येईल, येईल" ऐकून परतायचे. कागद खणात आहे हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या अकरा महिन्यांत मुलुंडला दहावीच्या पोरांना गणित शिकवलं आणि मैत्रिणीकडून उसने घेतले. ते फिटेपर्यंत चौथं वर्ष उजाडलं. शेवटी एका शिपाईकाकांनी सांगितलं, "ताई, आवक नंबर आणा, कागद आत घेतल्याचा नोंद-क्रमांक. त्याशिवाय इथे कागद सापडत नसतो." त्या दिवशी मी दोनशे पानी वही घेतली. कोणता कागद, कुठल्या तारखेला, कुणाच्या हातात दिला, आवक क्रमांक काय; शेजारी शिक्का मारून घेतलेली झेरॉक्स चिकटवलेली. ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

आता सगळं ऑनलाइन झालंय, म्हणशील. झालंय खरं. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पैसे कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून येतात. पण त्यासाठी तुझी त्या महिन्याची नोंद संस्थेतल्या 'मेकर'ने भरायची आणि 'चेकर'ने मंजूर करायची असते. दोघांतला एक रजेवर गेला की तुझा महिना अडकला. प्रवेश घेण्याआधी तिथल्या सीनियर मुलींना गाठून विचार, मेकर कोण, चेकर कोण आणि मागच्या वर्षी पैसे किती महिने तुंबले होते. माहितीपुस्तकापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

आकडे सांगते. यूजीसीची जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप, 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 आहे. दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) झालीस की 42,000. दोन्ही मिळून जास्तीत जास्त 5 वर्षं. हॉस्टेल नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा, आणि मुंबईला त्याचा दर सगळ्यात वरचा. तरी कलिन्याला विद्यापीठाच्या आसपास त्यात एक कॉट मिळेल, खोली नाही. तेव्हा डोंबिवलीचं घर सोडायची घाई करू नकोस. वयाची अट 30 ची असली तरी बायकांना 5 वर्षांची सवलत आहे, म्हणजे तुझ्याकडे अजून बरेच प्रयत्न आहेत. एक घोळ मात्र टाळ. 2024 पासून नेटच्या निकालात तीन गट लागतात. जेआरएफच्या गटाला पैसे मिळतात. 'फक्त पीएचडी प्रवेश' या गटात नाव आलं तर एक वर्षापुरता प्रवेशाचा हक्क मिळतो, दमडी मिळत नाही. दरवर्षी कुणीतरी "नेट निघाली!" म्हणून नोकरी सोडून येतं आणि मग माझ्या केबिनमध्ये बसून रडतं.

तुझा विषय अर्थशास्त्र, आणि त्यासाठी मुंबईइतकं सोयीचं शहर नाही. गोरेगावला फिल्मसिटीकडे जाताना इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था लागते. रिझर्व्ह बँकेने 1987 मध्ये काढलेली. तिथे प्रवेश मिळवणं अवघड, पण मिळाला की फेलोशिप संस्थाच देते. देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था तुला सुचली नसेल. स्थलांतर, रोजगार यांवर काम करायचं असेल तर तिथेही विचारून बघ. पवईला आयआयटीत टीचिंग असिस्टंटशिप असते. आठवड्याचे काही तास शिकवायला मदत करायची, त्याबदल्यात मानधन. देणारा आणि तू एकाच आवारात असलात की निम्मी कटकट संपते, असं माझं मत. या तिन्हींचे अर्ज आधी भर. विद्यापीठात गाइड शोधायचं त्यानंतर.

गाइड भेटले की लाजायचं नाही. "सर, तुमच्या आधीच्या विद्यार्थ्यांना पैसे कुठून मिळाले?" असं सरळ विचार. एखादे सर म्हणतील, "माझ्या प्रोजेक्टवर जेआरएफ म्हणून ये." नाव तेच असलं तरी ती नेटची जेआरएफ नव्हे. ती नेमणूक प्रोजेक्टची असते आणि प्रोजेक्टबरोबरच संपते. घ्यायला हरकत नाही, पण त्यावर पाच वर्षांचा हिशेब मांडू नकोस. आयसीएसएसआरचीही (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) डॉक्टरल फेलोशिप आहे, जेआरएफपेक्षा कमी रकमेची, पण खास सामाजिक शास्त्रांसाठी, म्हणजे अर्थशास्त्रालाही. तीवर नजर ठेव. राज्य सरकारच्या संस्थाही फेलोशिप देतात; तुझ्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) किंवा महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) यांपैकी एक लागू होईल. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, लागत असेल तर नॉन-क्रिमी लेयर, हे आत्तापासून फाइलला लावून ठेव. जाहिरात कधी निघेल त्याचा नेम नसतो. 2023 मध्ये फेलोशिपसाठी पोरं आझाद मैदानात बसली होती हे तुला आठवत असेल. दोन फेलोशिप एकदम घेता येत नाहीत, तसा प्रयत्नही करू नकोस. पुढे वसुली लागते.

तुझ्या आईला वाटतं, पैसे नाहीत तर एवढं शिकायचं कशाला. त्यांना बाबासाहेबांची गोष्ट सांग, पण पैशाच्या बाजूने सांग. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. 1917 मध्ये मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्ध्यावर टाकून परतावं लागलं. मग परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत राहून, सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले. त्यात शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज घालून 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठलं. 1923 मध्ये डीएससी ही डॉक्टरेट मिळाली, आणि तो प्रबंध होता रुपयाच्या प्रश्नावर! राजाची शिष्यवृत्ती, पगारातली बचत, संस्थानिकाची मदत, मित्राचं कर्ज. एवढ्या मोठ्या माणसालाही एकाच ठिकाणाहून पैसा पुरला नाही.

म्हणून क्लासची नोकरी लगेच सोडू नकोस. फेलोशिप सुरू झाल्यावर दुसरी पगारी नोकरी चालत नाही, तेव्हा साठवायचं ते रुजू होण्याआधीच. निदान आठ महिन्यांचा पास, डबा, फी आणि घरी द्यायची रक्कम बाजूला काढ. शेवटाकडेही बघून ठेव. 2022 च्या यूजीसी नियमांप्रमाणे पीएचडीला किमान 3, कमाल 6 वर्षं, बायकांना त्यावर आणखी 2 वर्षांपर्यंत सवलत. फेलोशिप मात्र पाचव्या वर्षी थांबते. प्रबंध लिहून होत नाही, आणि पहिल्या तारखेला काही येत नाही, असं ते सहावं वर्ष असतं. मी पाहिलेले निम्मे प्रबंध तिथेच रखडले. एसआरएफ झाल्यावर वाढणाऱ्या 5,000 ला हात लावू नकोस; तीन वर्षांत त्याचे 1,80,000 होतात.

परदेशाचं तू विचारलं नाहीस, तरी दोन ओळी. तिकडे पीएचडीला जायचं तर विद्यापीठाने फी माफ करून वर स्टायपेंड दिलं तरच जा, बँकेचं कर्ज काढून नको. फोर्टातल्या जे. एन. टाटा एंडोमेंटचं 1892 पासून नाव आहे, पण ती शिष्यवृत्ती कर्जरूप असते, फेडावी लागते. इथे नोंदणी करून काही महिने अमेरिकेत जाऊन काम करायचं असेल तर फुलब्राइट-नेहरू फेलोशिप बघ.

येत्या रविवारी घरी ये, अकराच्या सुमाराला. दाखल्यांची फाइल आण आणि आईलाही आण. आकडे त्यांना मीच सांगते. येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही घे, आखीव. कव्हर मी घालून देईन.

तुझी,
मॅडम