मुलाला ल्युकेमिया झाला असताना मोठ्या मुलीला नातेवाइकांकडे ठेवावे का?

तुम्ही लिहिले आहे की, पाच वर्षांच्या मुलाला ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर, झाल्याचे निदान झाले आहे, उपचार मुंबईत होणार आहेत, आणि म्हणून आठ वर्षांच्या मुलीला दोन-अडीच वर्षे आजोळी ठेवून ‘भावाला अशक्तपणा आला आहे’ एवढेच तिला सांगावे, असा विचार घरात चालू आहे. या काळात घर कसे चालवावे, असेही तुम्ही विचारले आहे. मला नीट उत्तर देता येईल ते मुलीपुरतेच, कारण अगदी त्या ‘अशक्तपणा’ शब्दासकट हीच चूक आम्ही २०११ साली केली.

तिला पाठवू नका. पाठवणे भागच पडले, तर किमान खोटे सांगून पाठवू नका.

आम्ही मिरजेचे. त्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मुलगा दुपारभर झोपून राहू लागला, ताप येऊन-जाऊन होता, आणि त्याच्या नडग्यांवर व मांडीवर निळे डाग दिसू लागले. त्याच आठवड्यात सायकलीवरून दोघा भावंडांचे भांडण झाले होते आणि मुलीने त्याला ढकलल्यामुळे तो ओट्याच्या पायरीवर पडला होता. संध्याकाळी डाग पाहून माझ्या पत्नीने मुलीला धपाटा घातला आणि ‘बघ, केवढा काळानिळा केलास त्याला’ असे ती म्हणाली. कोणत्याही आईने म्हटले असते. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी झाल्या की नुसत्या टेकण्यानेही असे डाग उठतात, हे आम्हाला दहा दिवसांनी कळले. मुलीला ते कळायला अकरा महिने गेले.

निदान झाल्यावर माझे थोरले बंधू कोल्हापूरहून आले. मी त्यांना दादा म्हणतो. वडिलांच्या माघारी घरातला शेवटचा शब्द त्यांचाच असे. त्यांचे म्हणणे असे होते की, लहान मुलांना यातले काही कळत नसते, सांगितले तर ती शाळेत बोलतात, शाळेतून गावात जाते, आणि पुढे मुलीच्या लग्नाच्या वेळी ‘यांच्या घराण्यात कॅन्सर आहे’ असे निघते. (बालवयातला ल्युकेमिया बहुतांश मुलांत आनुवंशिक नसतो. डॉक्टरांनी हे आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितले होते, पण दादा त्या भेटीला नव्हते.) मुलीला त्यांच्याकडे ठेवावे, तिथल्याच शाळेत घालावे, आणि कॅन्सर हा शब्द घरात कोणी उच्चारू नये, असे ठरले. पत्नी आणि मुलगा मुंबईत परळला भाड्याच्या खोलीत राहू लागले. मी मिरजेला सहकारी बँकेत नोकरीवर राहिलो आणि रजा मिळेल तशी महालक्ष्मी एक्स्प्रेसने ये-जा करू लागलो. म्हणजे आठवड्यातले पाच-सहा दिवस मी माझ्या घरात एकटा राहत होतो आणि माझी मुलगी तासा-दीड तासाच्या अंतरावर दुसऱ्याच्या घरी राहत होती. ‘पुरुषमाणसाला एकट्याला मुलगी सांभाळता येत नाही,’ हेही दादांचेच वाक्य. मी ते मान्य केले, कारण ते मान्य करणे त्या वेळी मला सोयीचे होते.

पहिल्या महिन्यात स्टेरॉइड चालू असते, आणि त्याने भूक अनावर होते. तुमच्याकडे बहुधा आता तेच चालू असेल. मुलगा रात्री दोन वाजता उठून बटाट्याची भाजी आणि भात मागायचा, पहाटे पुन्हा मागायचा, मिळेपर्यंत किंचाळायचा, आणि बाहेरचे काही द्यायचे नसल्यामुळे पत्नी त्या वेळी ताजा स्वयंपाक करायची. त्याचा चेहरा फुगून गोल झाला. मी एकदा त्याचा टोपी घातलेला फोटो कोल्हापूरला नेऊन मुलीला दाखवला, तेव्हा ती म्हणाली, ‘अशक्त माणूस जाड कसा होतो?’ आम्ही सगळे हसलो. दादा तर ‘पोरगी हुशार आहे’ म्हणून कौतुकाने हसले. तिने त्यानंतर काहीही विचारले नाही आणि आम्ही त्याचा अर्थ ती रुळली असा घेतला.

वस्तुस्थिती अशी होती की, दिवाळीच्या सुमारास तिच्या चुलतभावाने भांडणात ‘तुझ्या भावाला कॅन्सर झालाय, तो मरणार आहे आणि तुझी हाडे काढून त्याला लावणार आहेत’ असे सांगून टाकले होते. लहान मुलांना काही कळत नसते, या सिद्धांताचा निकाल दादांच्याच घरात, त्यांच्याच मुलाने लावला. मुलीने ते कोणालाही सांगितले नाही. पुढच्या मे महिन्यात सगळे मिरजेला परत आल्यावर ती सायकलीला हातसुद्धा लावत नाही, हे पत्नीच्या लक्षात आले. दोन-तीनदा खोदून विचारल्यावर तिने उलट प्रश्न केला, ‘मी ढकलले म्हणून झाला ना त्याला?’ ते सगळे महिने तिने हे मनात धरून काढले होते, आणि दर रविवारी फोनवर माझ्याशी मराठीचा धडा कुठवर आला यावर बोलत होती.

तेव्हा तुमच्या मुलीला सांगा. आठ वर्षांच्या मुलीला समजेल अशा शब्दांत सांगता येते: रक्त हाडांच्या आतल्या गरात तयार होते, तिथे काही पेशी बिघडल्या आहेत आणि त्या वेड्यासारख्या वाढत आहेत, त्यामुळे चांगल्या रक्ताला जागा उरलेली नाही, आणि औषधे त्या बिघडलेल्या पेशी मारतात. आजाराचे नाव सांगा, कारण ते तिला कोणीतरी सांगणारच आहे. हा आजार कोणाच्या मारण्या-ढकलण्याने होत नाही आणि लागत नाही, हे तिने विचारण्याची वाट न पाहता सांगा. केस जातील, चेहरा सुजेल, तो चिडेल, हे आधी सांगून ठेवा. आणि रात्री तिच्याजवळ कोण झोपणार, शाळेत कोण सोडणार, हे नक्की सांगा, कारण तिच्या दृष्टीने मुख्य प्रश्न तोच असतो. ‘तो मरेल का?’ असे तिने विचारले तर ‘छे, काहीतरीच’ म्हणू नका. बहुतेक मुले या उपचारांनी बरी होतात आणि त्यासाठीच आपण मुंबईला जात आहोत, हे खरे उत्तर आहे.

दोन-अडीच वर्षांचा हिशेबही तुम्ही पुन्हा पाहा. एवढा काळ एकसारखा कठीण नसतो. सुरुवातीचे सात-आठ महिने जड जातात, आणि मध्ये रक्तातल्या चांगल्या पेशी कमी झाल्या किंवा जंतुसंसर्ग झाला की ते लांबतात, आमचे अकरा झाले. त्यापुढच्या मेंटेनन्समध्ये, म्हणजे आजार उलटू नये म्हणून चालणाऱ्या हलक्या उपचारांत, रोज रात्री गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे औषध आणि ठरलेल्या दिवशी रुग्णालय असे वेळापत्रक असते, आणि बरीच मुले त्या काळात शाळेत जातात. पहिल्या महिन्यानंतर अस्थिमज्जेचा (हाडांतल्या गराचा) अहवाल चांगला आला की घरातले कोणीतरी ‘आता औषध कशाला’ म्हणेल. आमच्याकडे कोण म्हणाले, हे वेगळे सांगायला नको. त्यांचे ऐकू नका, औषध अर्धवट सोडले तर आजार उलटतो.

बाकीचे थोडक्यात. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर आधी क्रोसिन देऊन वाट पाहू नका, रात्र असली तरी थेट रुग्णालयात जा. रेल्वेत रुग्णाला स्लीपर व थ्री टायर एसीत पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेबद्दल आणि राहण्याबद्दल रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती आणि बालरुग्णांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडची केंद्रे आहेत, त्यामुळे लगेच महागडी खोली घेऊ नका. हाडांबद्दल मुलीला कोणी घाबरवले, तर या आजारात बहुतेक मुलांना अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण (दुसऱ्याच्या हाडांतला गर देणे) लागतच नाही, हे तिला सांगा.

माझे म्हणणे सरसकट लागू होणार नाही, हेही मान्य करतो. घरात दुसरे मोठे माणूस नसेल आणि दोघांनाही मुंबईला राहावे लागणार असेल, तर आजोळाला पर्याय नाही. तसे झाले तर दर सुट्टीत तिला मुंबईला न्या, शक्यतो वॉर्ड नाही तर खोली तरी दाखवा. शाळेतून येणाऱ्या संसर्गाची भीतीही खरी असते. विशेषतः मुलीच्या वर्गात कांजिण्यांची साथ आली किंवा तिलाच त्या निघाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि ते सांगतील तितके दिवस भावंडांना वेगळे ठेवा, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना कांजिण्या जिवावर बेतू शकतात. कोल्हापूरला ठेवण्यामागे दादांनी हेही एक कारण दिले होते आणि तेवढे बरोबर होते. मात्र त्यासाठी काही आठवडे पुरले असते. मुलगा आता कॉलेजात आहे. मुलगी दिवाळीला काकांकडे जाते, पण रात्री राहत नाही, आणि दादा अजून दरवर्षी मला विचारतात की ती का राहत नाही.