नितळ पाण्याच्या तळ्यात वॉलाय मासा गळाला लागतच नाही. कोणती लूर (नकली आमिष), कोणता रंग वापरू?

तुम्ही लिहिलंय की मिनेसोटात नवीन आहात, मिल लॅक्स तळ्यावर दोन शनिवार-रविवार घालवले, बोटीतून तळाचे दगड स्वच्छ दिसत होते, पण एकही वॉलाय लागला नाही. आणि धक्क्यावर कुणीतरी सांगितलं की या तळ्यात आता मासाच उरलेला नाही. लूरचं सांगतो, पण आधी ते धक्क्यावरचं वाक्य डोक्यातून काढून टाका. हेच वाक्य माझे साडू कित्येक वर्षं मला ऐकवतायत, आणि ते मला आजही सहन होत नाही.

तळ दिसतोय याचा अर्थ खाली मासा नाही असा होत नाही. उजेड थेट तळापर्यंत पोचतोय, एवढाच त्याचा अर्थ. वॉलायच्या डोळ्याच्या मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो. रात्री टॉर्च मारली की डोळे लखलखतात ते त्याच्यामुळे. अंधुक उजेडात पर्च माशाला, म्हणजे त्याच्या भक्ष्याला, धड दिसत नाही तेव्हा याला व्यवस्थित दिसतं, म्हणून हा संध्याकाळी आणि पहाटे शिकार करतो. भर दुपारी ऊन आणि नितळ पाणी एकत्र आलं की तो खोलात जातो, नाहीतर पाणवनस्पतींच्या आडोशाला बसतो.

साडूंची बोट मोठी, मासे दाखवणारं सोनार यंत्र महागाचं. जूनमधली एक दुपार, वारा अजिबात नाही. आम्ही एका खडकाळ उंचवट्यावर उभे होतो. साडू स्क्रीनकडे बघत म्हणाले, "बघा, एक टिपका नाही. त्या लोकांनी जाळी लावून सगळा नेला." 'ती लोकं' म्हणजे ओजिब्वे, इथल्या मूळ रहिवासी जमाती. मी म्हटलं, "साडूभाऊ, वारा येऊ द्या, मग बोलू." माझं लहानपण कोकणात खाडीकाठी गेलं. तिथे गरवायला जाणारा माणूस भरती-ओहोटी बघितल्याशिवाय घरातून निघत नाही, आणि इथे भर उन्हात बाराच्या ठोक्याला गळ टाकून मासा नाही म्हणायचं! नाचता येईना अंगण वाकडं.

पाचनंतर पश्चिमेचा वारा उठला. लाटा फुटायला लागल्या की वरचा उजेड मोडतो, पाणी थोडं गढूळतं, आणि वॉलाय खोलातून वर सरकतो. मी बोट त्याच उंचवट्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला, पण लांब उभी करायला लावली. नितळ पाण्यात बोटीची सावलीसुद्धा मासा बिथरवते. सरकता बॉबर (दोरीवर सरकणारं तरंगतं बूच), सहा पौंडी फ्लुरोकार्बनचा लांब लीडर (गळाजवळची सहज न दिसणारी दोरी), छोटा गळ आणि जळू. जळू टोचायची तिच्या जाड टोकाच्या चोषकातून, म्हणजे ती पाण्यात लांब होऊन पोहत राहते. मधोमध टोचली तर गोळा होऊन बसते, आणि त्या गोळ्याला कुणी तोंड लावत नाही. खोली अशी ठेवली की जळू दगडांच्या फूटभर वर राहील.

बॉबर एकदम बुडाला नाही. आधी तिरका झाला, मग सावकाश खाली गेला. पहिला मासा साडूंच्याच गळाला लागला. सोनेरी-हिरवट अंग, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका, आणि ते काचेसारखे डोळे. अंधार पडेपर्यंत लागतच राहिले. जिथे दुपारी 'एक टिपका नाही' असं ऐकलं, तीच ही जागा. परतताना साडू म्हणाले, "आज नशीब होतं." तिथे मात्र माझं डोकं फिरलं.

कारण जाळ्यांच्या त्या आरोपाला आकड्यांचा आधार नाही. १८३७ च्या करारानुसार ओजिब्वेंचा इथे मासेमारीचा हक्क आहे आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९९९ साली मान्य केला. २०१५ साली वॉलायचा ठरलेला कोटा होता ४०,००० पौंड. त्यातला राज्याचा, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या गळवाल्यांचा वाटा २८,६००, आणि जमातींचा ११,४००. त्या वर्षी ऑगस्टमध्ये हंगाम मध्येच बंद करावा लागला तो आपला कोटा संपल्यामुळे. पाणी १९८० च्या दशकापासूनच नितळ होत चाललं होतं. २००५ मध्ये झेब्रा शिंपले सापडले. एकेक शिंपला दिवसाला लिटरभर पाणी गाळू शकतो. तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा अंडी पुरेशी, पिल्लंही पुरेशी निघाली. पण ती पहिली एक-दोन वर्षं जगत नाहीत, तिथे घोडं पेंड खातंय. वॉलायला मानवणारं गार आणि अंधुक पाणी कमी झालंय. हे सगळं साडूंना मांडून सांगितलं, तरी त्यांचं पालुपद तेच. तुम्ही नवीन आहात, तुम्ही तरी ते उचलू नका.

जाळ्यांचा काहीच परिणाम झाला नसेल असं मी म्हणत नाही. मासा कमी झाला की प्रत्येकाचा वाटा जाणवतो, त्यांचाही आणि आपलाही.

दुपारीच जाणं भाग असेल तर तळाच्या चिखलाच्या पठारांच्या कडेला पंचवीस-तीस फुटांवर लांब लीडरची रिग (गळ-आमिषाची जोडणी) हळू ओढा. पण तेवढ्या खोलातून वर आणलेल्या माशाची हवेची पिशवी फुगू शकते, सोडला तरी तो जगेलच असं नाही. त्यामुळे मापात न बसणारे मासे लागायला लागले तर ती जागा सोडा. माप, संख्या, रात्रीची बंदी हे मिल लॅक्सवर बदलत असतं, निघण्याआधी डीएनआरचे (राज्याच्या निसर्गसंपदा खात्याचे) चालू नियम वाचा. उघड्या पाण्यात, म्हणजे बर्फ नसताना, माणशी एकच गळ. आणि परतताना बोटीतलं पाणी धक्क्यावरच पूर्ण काढा, ते शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात असेच पोचतात.

रंगाचं राहिलंच. वॉलायच्या डोळ्याला हिरवा आणि नारिंगी-लाल सगळ्यात चांगला दिसतो. तरी नितळ पाण्यात दिवसा भडक काही लावू नका, पर्चच्या रंगाची बारीक लूर बरी. सूर्य कलला की सोनेरी किंवा नारिंगी. त्यापुढे रंगावर पैसे घालवू नका, त्या पैशांत चांगला फ्लुरोकार्बन आणि ताज्या जळवा घ्या.