धावपटूंचे प्रश्न : भीती चढाची, गाठ उताराशी

प्रश्न : सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलं आहे. सहा आठवडे उरलेत. वय ४२, आठवड्यातून चार दिवस सपाट रस्त्यावर धावते. १० किलोमीटरला ६७ मिनिटं लागतात, आजवरची सर्वांत लांब धाव १५ किलोमीटर. मागच्या रविवारी येऊर चढून-उतरून आले, तर दोन दिवस जिना कठडा धरून उतरावा लागला. घाट झेपेल का, की यंदा राहू द्यावं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : राहू देऊ नका. १५ किलोमीटर धावणाऱ्याला सहा आठवड्यांत २१ गाठता येतात. तुमच्या पत्रात महत्त्वाचा आहे तो जिना. चढावर धाप लागते म्हणून सगळे चढाला भितात, पण मांडीचा पुढचा स्नायू मार खातो उतारावर. पाय टेकला की अंगाचा भार आवरताना तो आवळलेला असतानाच ताणला जातो आणि तंतूंना बारीक इजा होते. म्हणूनच दुखणं दुसऱ्या दिवशी वर येतं. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावरून मागे वळायचं आणि त्याच वाटेनं उतरायचं. म्हणजे उतार येतो तो दमलेल्या पायांवर.

सुदैवानं हा स्नायू पटकन शिकतो. एकदा दुखून बरा झाला, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला कमी कुरकुरतो. तेव्हा येऊर सोडू नका, दर आठवड्याला एकदा जा. उतरताना मागे रेलू नका आणि टाच लांब टाकू नका. लांब टाच म्हणजे प्रत्येक पावलाला ब्रेक, आणि तो गुडघ्यावर बसतो. पावलं आखूड आणि झटपट टाका, मिनिटाला १७० च्या आसपास. घरी आठवड्यातून दोनदा जिन्याच्या एका पायरीवर उभं राहून एक पाय तीन सेकंद मोजत खाली टेकवा आणि परत वर घ्या. प्रत्येक पायाला १०, असे तीन फेरे.

लांब धाव १५, १६, मग १८ अशी वाढवा. १८ ची धाव शर्यतीच्या तीन आठवडे आधी करा आणि तिच्यात एकूण ३०० मीटर तरी उंचीचा चढ असू द्या. हीच तुमची परीक्षा. दुसऱ्या दिवशी जिना न धरता उतरलात तर तयारी झाली. दोन्ही मांड्या सारख्या दुखल्या तरी काळजी नको. एकाच गुडघ्यात बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ असेल किंवा सूज आली तर मात्र धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. शेवटचा जोरदार उतार शर्यतीच्या १० ते १२ दिवस आधी. त्यानंतर सराव निम्म्यावर आणा. राहिलेला अभ्यास शेवटच्या आठवड्यात उरकायचा मोह अनेकांना होतो, आणि ते लंगडत साताऱ्याला पोचतात.

शर्यतीत घाटात घड्याळातला वेग बघूच नका. ५ टक्के चढाला, म्हणजे १०० मीटरला ५ मीटर वर, शक्ती साधारण सव्वापट लागते. तुमचा ६:४० चा किलोमीटर तिथे ८:२० चा होईल, आणि तो योग्यच आहे. सोबतच्याशी अख्खं वाक्य बोलता येईल इतपतच जोर लावा. बोलणं तुटलं की ३० सेकंद झपझप चाला. यात कमीपणा नाही, पुष्कळदा चालणारा आणि रखडत धावणारा वर बरोबरच पोचतात.

प्रश्न : पावसात बूट भिजतात, नखं काळी पडतात. काय करावं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि बोटं आपटतात, नखं काळी पडतात ती त्यानं. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. लेस सर्वांत वरच्या भोकापर्यंत ओवून घोट्याशी आवळा, म्हणजे टाच जागची हलत नाही. नखं दोन-तीन दिवस आधी कापा. सुती मोजे नकोत, ते पाणी धरून ठेवतात. बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन लावा. ओल्या घाटात रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि कुजलेली पानं निसरडी असतात, वळणावर त्यांच्यावर पाय पडू देऊ नका.