अण्णांची शिकवण म्हणून काय लिहू?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझे वडील, अण्णा, सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार होते. अडतीस वर्षं हळदीची पोती तोलली. मागच्या श्रावणात गेले. आता वर्षश्राद्धाला वाटायला म्हणून पुतण्यानं एक पुस्तिका करायला घेतली आहे. तिच्यात ‘अण्णांची शिकवण’ या मथळ्याखाली दहा वाक्यं आहेत. ‘कष्टाला पर्याय नाही’, ‘माणसं जोडा’, ‘वेळेची किंमत ओळखा’, अशी. यातलं एकही वाक्य मी अण्णांच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. ते बोलायचेच कमी. ‘जेवलास का?’ आणि ‘लाईट बंद कर’, संपलं. रद्दीवाला आला तरच बाहेर यायचे आणि आधी त्याचा रिकामा काटा उचलून बघायचे. एकदा काटा आमच्याच बाजूनं जास्त दाखवत होता, तर तेही त्याला सांगून टाकलं. आई त्यावर आठवडाभर बोलत होती. ते असो. पुतण्या म्हणतो, ‘काका, मग तुम्हीच सांगा आजोबांनी काय शिकवलं ते.’ मला काही सुचत नाही आणि सुचत नाही याची लाज वाटते. काय लिहू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अहो, तुम्ही लिहून मोकळे झाला आहात. ‘ते असो’ म्हणून जे बाजूला सारलंत ना, तेच पुस्तिकेत घाला. रद्दीवाला, रिकामा काटा, आईची आठवडाभराची बोलणी, सगळं. आईचं तर मुळीच गाळू नका. घरातल्या प्रामाणिकपणाची किंमत कोण मोजतं ते तिच्या बोलण्यात असतं.

‘कष्टाला पर्याय नाही’ हे वाक्य मात्र काढून टाका, पुतण्या रुसला तरी. पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांच्या शेजारी अडतीस वर्षं उभा राहिलेला माणूस असलं काही बोलत नाही. त्यानं त्यांचे गुडघे पाहिलेले असतात. जूनमध्ये ‘फादर्स डे’ आला की व्हॉट्सअॅपवर बापाबद्दलचे जे मजकूर फिरतात, त्यातला बाप सगळ्यांचा एकच असतो. नारळासारखा, वरून कठीण आणि आत गोड. माझे वडील नारळासारखे नव्हते. कोकणातले होते, पण नारळासारखे नव्हते.

आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. चिपळूण डेपोत एसटीचे कंडक्टर. पहिली एसटी 1 जून 1948 ला पुणे–नगर मार्गावर धावली आणि त्यानंतर आठ वर्षांनी तात्या नोकरीला लागले. आजच्यासारखं तिकिटाचं मशीन नव्हतं. अॅल्युमिनियमची पेटी, तिच्यात रंगीत तिकिटांच्या गड्ड्या, हातात चिमटा, गळ्यात चामड्याची पिशवी. टप्पा सहा किलोमीटरचा. तिकिटांचे नंबर वेबिलात, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदात, चढवायचे आणि रात्री डेपोत रोकड त्याच्याशी जुळली पाहिजे. कमी भरली तर पदरची घालायची.

सुटे पैसे नसले की कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून देतो, हे तुम्हाला माहीत असेल. उतरताना आठवणीनं मागून घ्यायची. एकदा कराड गाडीला एक म्हातारी पाच रुपये देऊन बसली आणि घाईत मधल्याच फाट्यावर उतरली. तिची तीन रुपये पंच्याऐंशी पैसे बाकी राहिली. 1972 साल असावं. तीन रुपये पंच्याऐंशी पैशांना तेव्हा घरात अर्थ होता. तात्यांनी ते एका काडेपेटीत घातले आणि काडेपेटी देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात ठेवली. वर पेन्सिलीनं फाट्याचं नाव. आई महिनाअखेरीला तिकडे बघायची आणि तोंड फिरवायची. मला वहीला चाळीस पैसे हवे होते तेव्हा मी सरळ मागितले. ‘ते आपले नाहीत,’ एवढंच म्हणाले. वही काही आली नाही. जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून त्यांनी स्वतः दाभणानं शिवून दिली, आणि ती वर्गात काढायची मला लाज वाटायची.

म्हातारी सात-आठ महिन्यांनी भेटली. तिला काही आठवतही नव्हतं. ‘तुमचे असतील, ठेवा,’ म्हणाली. तात्या तिच्याशी भांडले म्हणे! हे मला त्यांच्या ड्रायव्हरनं सांगितलं, तेही त्यांच्या तेराव्याला.

यातून मी काय शिकले, असं विचाराल तर सांगते आणि ते काही फार चांगलं नाही. हिशेब दोन रुपयांनी चुकला तर मला झोप लागत नाही. नोकरीत असताना याचं कौतुक झालं. घरी यजमान म्हणतात, ‘दोन रुपये माझ्याकडून घे, पण दिवा मालव.’ बापाकडून आलेलं सगळंच सोयीचं नसतं. तात्या फाट्यावरच्या म्हातारीसाठी काडेपेटी जपायचे. आमच्या शाळेच्या एकाही गॅदरिंगला आले नाहीत. गणपतीत तर चाकरमान्यांच्या जादा गाड्या. विसर्जन झालं की ते घरी यायचे आणि रिकाम्या मखरासमोर हात जोडायचे. तुमच्या अण्णांचंही असलं काही असेल तर तेही लिहा. सगळं गोड लिहिलंत तर नातेवाईक पुस्तिका कपाटावर ठेवतील.

एक करा. वर्षश्राद्धाच्या आधी एकदा मार्केट यार्डात जा. हळदीचे सौदे आटोपले, की अण्णांबरोबर काम केलेले हमाल चहाला बसले असतील. ‘अण्णांनी तुम्हाला काय शिकवलं’ असं विचारू नका, तेही बिचारे ‘देवमाणूस होते’ म्हणतील. ‘कुणाशी भांडले होते का?’ असं विचारा. तोलाईदार एका बाजूला शेतकरी आणि दुसऱ्या बाजूला व्यापारी असा मधे उभा असतो. अडतीस वर्षांत भांडण झालंच असणार. ते कशावरून झालं, ते पुस्तिकेत घाला.

आणि ‘जेवलास का?’ हे वाक्य पहिल्या पानावर, बाकी काही न लिहिता.

प्रश्न : माझे वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. परळला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवायच्या आहेत, पण मोबाईल समोर धरला की गप्प बसतात. ‘काय सांगू, चाललं तसं चाललं,’ म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मोबाईल आधी खिशात घाला. समोर वाटाण्याच्या शेंगा ठेवा आणि दोघं सोलत बसा. हात कामात असले की जुनी माणसं बोलतात.

‘तुमचं आयुष्य सांगा’ हा प्रश्न फार मोठा आहे, मलासुद्धा उत्तर देता येणार नाही. बारीक विचारा. बदली पासवर, म्हणजे कायम होण्याआधी, किती वर्षं काढली? जॉबर, म्हणजे मुकादम, कोण होता? खानावळीत महिन्याचे किती पडायचे, आणि वाराला काय असायचं? साच्यावर धागा तुटला की गाठ कशी मारायची, ती हातात दोरा देऊन करून दाखवायला सांगा. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला जाग आली होती का? मग दिवसभर काय केलं? बघा, उत्तर ‘चाललं तसं चाललं’ असं येणार नाही.

मला हे उशिरा कळलं. तात्या निवृत्त झाल्यावर मी वर्षानुवर्षं ‘काही सांगा ना’ म्हणत होते. शेवटी एकदा, वाटाणे सोलतानाच, सहज विचारलं, ‘कोयनेच्या भूकंपाच्या दिवशी वेबिलात काय लिहिलंत?’

11 डिसेंबर 1967. पहाटे सव्वाचारच्या सुमाराला कोयनानगर हादरलं, तेव्हा तात्या मुक्कामी गाडीवर होते, घाटाखालच्या एका गावात. गाडी देवळासमोर उभी, ड्रायव्हर आणि ते आत सीटवर झोपलेले. गाडी हलायला लागली तेव्हा त्यांना वाटलं, ड्रायव्हरनं त्यांना न उठवताच गाडी काढली. मग वरून तिकिटांची पेटी पडली आणि गड्ड्या सुटून सगळीकडे पसरल्या. बाहेर लोक ओरडत घरातून पळत होते. कुठेतरी भिंत कोसळली, पोरं रडत होती.

तात्या दीड तास बोलले. गावातलं कोण कोण, कुणाचं छप्पर बसलं, सकाळी कुणी चहा आणून दिला, सगळं. मधेच थांबले आणि म्हणाले, ‘पण बाहेर पडायच्या आधी मी बॅटरी लावून तिकिटं गोळा करत बसलो गो. नंबर लागले पाहिजेत म्हणून. बाहेर माणसं ओरडत होती आणि मी सीटखाली तिकिटं शोधत होतो.’

चोवीस वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. मी काही बोलले नाही. त्यांनी पुढची शेंग उचलली, आणि थोड्या वेळानं म्हणाले, ‘दोन तिकिटं मिळालीच नाहीत.’